शेवटच्या पानावरची ओळ

शुक्र. ९ जाने., मोलगी
आठवडी बाजार बरा. दुपारपर्यंत शिलाई, मग नेहमीसारखं मशीन थांबवून लोकांसाठी पेपरवाचन. छापलेलं मराठी, तोंडातून त्यांची पावरी बोली. पहिल्याच पानावर रूपसिंगच्या गावची बातमी: 'खडी क्रशरला ग्रामस्थांची एकमुखी संमती'. मी आपला पोपटासारखा वाचत सुटलो. रूपसिंग समोरच बसलेला. चहा तसाच ठेवून उठला, अर्धा शिवलेला सदरा मशीनवरून उचलला आणि गेला. तीस वर्षांचं गिऱ्हाईक.

रवि. ११, शहादा
पेपरच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत मालकाचं नाव असतं. मी ते कधी वाचत नाही. तिथं मजुरांची संघटना, हे पाठच होतं. आज चष्मा लावून पाहिलं. मालक: ज्याच्या क्रशरची ती बातमी, तोच. पहिल्या पानावर पेपरचं नाव मात्र अजून लाल शाईतच. आणि संपादक अजून आमचे कॉम्रेड वसंतकाका. म्हाताऱ्याने मला एका शब्दाने सांगितलं नाही. फार राग आला.

शुक्र. १६, मोलगी
ऐकायला कुणी बसेना. गावाने संमती दिलीच नव्हती म्हणे. जमनाबाईला, रूपसिंगच्या बायकोला, म्हटलं, अगं मी नाही, पेपर म्हणतो.
"कागदाला तोंड नाही, दरजी. तू बोलला."
बरोबर आहे तिचं. डोंगरात चारचौघांत जो बोलला, शब्द त्याचा. वनजमिनीचे दावे मंजूर झाल्याचं मी वाचलं, तेव्हा हिनेच आमचुराची टोपली आणून दिली होती. तेव्हा 'पेपरवाल्याला द्या' असं काही म्हणालो नाही. गुपचूप घरी नेली. लाज वाटते आज.

गुरु. २२, शहादा
काकांकडे. भांडायलाच गेलो होतो. खाटेवर पडून होते. लाल बावटा संपला, संघटनेच्या कार्यालयाला कुलूप, पेपर बंद पडू नये म्हणून दिला म्हणे क्रशरवाल्याला.
"एक पान आपलंच ऱ्हाई, बोलना व्हता. नही ऱ्हायनं, रशीद."
मी म्हटलं, उद्या ती शेवटची ओळ आधी वाचणार आहे. ते म्हणाले, "वाच. मन्हं नाव बी वाच. गाळू नको."
भांडण राहूनच गेलं.

शुक्र. २३, मोलगी
आधी मालकाचं नाव वाचलं. क्रशर कुणाचा, तेही सांगितलं. मग काकांचं नाव. ते दोनदा वाचलं. चार-पाच माणसं थांबली. रूपसिंग मिठाच्या दुकानापाशी उभा राहून ऐकत होता.
आला. सदरा मशीनवर ठेवला. बसला नाही.
"ते संमतीचं परत वाच," म्हणाला. "मी सांगेन तिथं थांब."