अकरावी मेंढी

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

माझ्या अकराही मेंढ्या दिवसभर कुंपणाला अंग घासतात. लोकरीचे पुंजके गळतात, खाली कातडी लाल आणि खपल्यांची. परवा लोकरवाला आला आणि माझी लोकर चिमटीत धरून तुझ्या मेंढ्यांचं कौतुक करत बसला. करणारच! घरात अण्णा असल्यावर कुणाच्याही मेंढ्या चकाकतील. थोरली मी, पण पाच वर्षं झाली, वडील तुझ्याच वाटणीला. जळते मी, लपवून काय करू?

अण्णांना औषध विचार. माझ्या मेंढ्या म्हणून सांगू नकोस, शेजारणीच्या म्हण.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

१० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

शेजारणीच्या म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, या शेजारणीला लहानपणापासून काही मागायची लाजच वाटते. ही खरूज आहे म्हणे. किडे इतके बारीक की दिसायचे नाहीत. सगळ्या मेंढ्या एकाच दिवशी औषधाच्या पाण्यात बुचकळायच्या, एकही सोडायची नाही. अंडी मागे राहतात म्हणून चौदा दिवसांनी पुन्हा. बाटली पाठवली आहे. हातमोजे घाल.

आणि जळण्याचं म्हणशील, तर इथेही धूर कमी नाही. मी गोठा झाडला की अण्णा म्हणतात, थोरली कोपरेसुद्धा झाडायची. पाच वर्षं तुझंच पुराण ऐकून कान किटले माझे.

माया आहेच, ती आटू देऊ नये.
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

दोन्ही अंघोळी झाल्या, तरी खाज जात नाही. बऱ्या झालेल्याही पुन्हा अंग घासायला लागल्या. तुटक्या कानाच्या मेंढीच्या, त्या कानतुटीच्या पाठीवर तर लोकरच उरली नाही. आता अण्णांनीच येऊन बघायला हवं. चार दिवस पाठव. तुझे अण्णा काही झिजणार नाहीत.

ताई

५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

अण्णांच्याच हाती हे पत्र देते आहे. बसमध्ये खिडकीशी बसवून देईन. पिशवी भरताना शीळ घालत होते. माझ्याकडे कधी घातली नाही. मेंढ्या बघून झाल्या की परत पाठव, ठेवून घेऊ नकोस.

राग नाही, थोडा आहे.
धाकटी

१० एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

अण्णा आले आणि पाणीसुद्धा न पिता गोठ्यात शिरले. एकेकीच्या पाठीला नाक लावलं. दहाजणींना औषधाचा वास होता. कानतुटीला नव्हता. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला खरं सांगावं लागलं. दोन्ही वेळा तिला मीच कोरडी ठेवली होती. खाज राहिली तर अण्णांना यावंच लागेल, असं वाटलं. तिच्यामुळे बाकीच्या दहाजणींनाही पुन्हा खरूज लागली.

ते रागावले नाहीत. तिच्या सोललेल्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, की बोलावलं असतंस तर आलो असतो. मुक्या जनावराला कशाला निरोप द्यायला लावलास. धाकटे, पाच वर्षं मी तुझ्यावर जळले, पण त्यांना एकदाही या म्हटलं नाही गं.

काल अकराही जणींना बुचकळलं. कानतुटीला त्यांनी स्वतः धरलं. दुसऱ्या अंघोळीपर्यंत इथेच राहतो म्हणतात, आणि तेव्हा न्यायला तू यावंस. आधी इथे मी 'येऊ नकोस' लिहिलं होतं, ते खोडलंय.

ये.

ताई