सगळे ओळखतात त्या गावात

आये,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला कधी काही लिहिलं नाही. आणि आता लिहायला बसले तर पत्ता कुठला घालू? आपलं गाव होतं तिथे आता विमानं उतरतात. तू ते पाहायला राहिली नाहीस, बरंच झालं. घरामागची टेकडी सुरुंग लावून फोडत होते तेव्हा मी ड्युटीवर असायचे. आवाज झाला की वॉर्डातल्या बाळंतिणी दचकायच्या आणि मी म्हणायचे, काही नाही, काम चाललंय. ती आमची टेकडी आहे, असं तोंडातून कधी निघालं नाही. सांगून तरी काय, त्यांची पोरं रडत असायची.

आता मी विचुंब्याला राहते. आपल्या वेळी तिथे भातशेती होती, आता बिल्डिंगा आहेत. तुझे जावई गेल्यापासून एकटीच आहे. मी ज्यांच्याकडे नर्स होते त्या डॉक्टरीणबाईंनी वय झालं म्हणून दवाखाना बंद केला, त्यामुळे नोकरीही नाही. आज टँकर यायचा आहे. सकाळपासून बादल्या मांडून बसलेय आणि टँकर दुपार झाली तरी आलेला नाही, म्हणून हे लिहितेय. गुडघे दुखतात. सगळं आयुष्य बाळंतपणाच्या टेबलाशी उभं राहून गेलं, त्याचा हिशेब आता गुडघे मागतात.

तुला आठवतं का, मला पहिल्यांदा पनवेलला लाइन आळीतली खोली मिळाली तेव्हा तू कुकर घेऊन आली होतीस. मिठागराचं काम सुटल्यावर तू पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायला लागली होतीस. त्या टोपलीतच तो कुकर, वर फडकं. खोलीभर सुकटीचा वास. मी म्हटलं, "एवढा महाग कशाला आणलास?" तर म्हणालीस, "तुला कामावरशी येऊन रांधाला टाइम कुठं हाय." आणि तो लावल्यावर शिट्टी होईपर्यंत तू बाहेर जिन्यात जाऊन बसलीस. भीती वाटते असं काही तू कबूल केलं नाहीस. म्हणे, आत उकडतंय. मी भात वाढल्यावर आलीस, बोटाने शीत दाबून पाहिलंस आणि म्हणालीस, "शिजलाय, पन चव नाय." तरी दोनदा घेतलास.

गावात तू सगळ्यांना सांगायचीस, "माजी पोर शेरात हाय." तुझ्या लेखी पनवेल म्हणजे शहर. तिथे थिएटर, तिथे कोर्ट, तिथे सोनाराची दुकानं. माझ्या लेकीच्या लेखी पनवेल म्हणजे रस्त्यात लागणारं गाव, जिथे गाडी थांबवून वडापाव खायचा आणि पुढे कोकणात नाहीतर पुण्याला जायचं. तुम्हा दोघींच्या मधोमध मी राहिले. मला ते मोठंही वाटलं नाही आणि लहानही नाही. मला ते फक्त संपत नाही असं वाटायचं. दवाखान्यातून सुटलं तरी ड्युटी सुटायची नाही. भाजी घेताना कुणीतरी हात धरून थांबवणार. "सिस्टर, ओळखलं का, हा तुमच्याच हातचा." समोर मिशी फुटलेला मुलगा लाजून उभा. मी ओळखलं म्हणायचे. मग त्याच्या बहिणीचं अडलेलं, मावशीची गाठ, सासूची कंबर. पिशवी हातात, हात ताणलेला, आणि मी ऐकतेय.

जेवायला बसलं की दार वाजायचं. एकदा तू आलेली होतीस, आपण दोघी पानावर होतो आणि तिसऱ्यांदा कडी वाजली. मी उठून त्या बाईशी बोलून आले आणि तुझ्यापुढे भडाभडा बोलले. या गावात दोन घास सुखाने गिळता येत नाहीत, मुंबईला एका मोठ्या हॉस्पिटलात जागा आहे, राहायला क्वार्टर आहे, मी जाते. तू जेवत राहिलीस. माझं बोलून झाल्यावर म्हणालीस, "मंग जा. थय तुजा दार कोन वाजवनार नाय. मेलीस तरी चार दिस कोनाला समजनार नाय." एवढंच. तू रागाने बोललीस की नुसतं सांगितलंस, ते मला त्या दिवशीही कळलं नाही. मी गेले नाही. तुझ्या बोलण्यामुळे नाही, त्याच महिन्यात मला दिवस राहिले म्हणून. पण तू मात्र पुढे सगळ्यांना सांगत राहिलीस, "मीच थांबवली तिला."

तीच पोर आता बंगळूरला असते. मोठ्या कंपनीत आहे, भली आहे, तुझ्यासारखीच कमी बोलते. दिवाळीत आली होती. बाजारातून येताना एका बाईने मला धरलं, सुनेला दूध येत नाही म्हणून. ती हकीकत संपेपर्यंत लेक पिशव्या घेऊन उन्हात उभी. घरी आल्यावर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, तू थकत नाहीस का?"

"थकते."

"मग हा फ्लॅट विकू या. माझ्या ओळखीत गिऱ्हाईक आहे. तू माझ्याकडे ये. टँकर नको, धूळ नको. तिथे तुला कुणी काही विचारणार नाही."

मी म्हटलं, आधी येऊन बघते. महिनाभर राहिले. आये, खोटं कशाला सांगू, मला सुख लागलं. नळाला पाणी, खिडकीतून झाडं. दार वाजलं की सामान घेऊन आलेला मुलगा असतो, तो सामान देतो आणि जातो. दुपारी मी अशी झोपायचे की उठल्यावर कुठे आहे ते समजायचं नाही. मग एक दिवस लिफ्टमध्ये एक मुलगी होती, पोटुशी. पोट खाली उतरलेलं दिसत होतं. मी सवयीने विचारलं, "कौनसा महीना?" तिने हसून कानातला इअरफोन नीट बसवला आणि ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघायला लागली. तिचं काही चुकलं नाही. अनोळखी बाईला कोण सांगेल? पण त्यानंतर मी लिफ्टमध्ये आरशाकडे तोंड करून उभी राहायला लागले.

परत आले तेव्हा उरण नाक्यावर बसमधून उतरले. सगळं अंग मोडलेलं. रिक्षात बसले, तर रिक्षावाला ओळखीचा निघाला. आपल्याच बाजूचा, त्याचीही जमीन विमानतळात गेलेली.

"सिस्टर, कुठं गेल्या होत्या? आई म्हनाली, त्या गेल्या असतील."

"कुठे गेले असतील?"

तो आरशात बघून ओशाळला. "नाय, म्हंजे लेकीकडं."

मला हसूही आलं नाही. मला फक्त घरी जाऊन पडायचं होतं. पण त्याचं सुरू झालं. बायकोला आठवा महिना आहे, पाय सुजलेत, जरा बघाल काय. मी म्हटलं, उद्या डॉक्टरकडे ने. तो म्हणाला, "तपासनीची तारीख पुढच्या आठवड्यात हाय. आता तिचा डोका दुखतंय म्हनून झोपलीय." तेव्हा मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. त्याला फोन लावायला सांगितला आणि तिच्याशी बोलले. डोळ्यांपुढे काही दिसतं का, विचारलं. ती म्हणाली, मघापासून अंधूक दिसतंय, उन्हातून आल्यासारखं. मी त्याला म्हटलं, रिक्षा वळव. तो म्हणाला, "आदी तुमाला सोडतो ना." मी म्हटलं, "मला नाही, तिला घ्यायला वळव."

तिला घेऊन आम्ही हायवेजवळच्या नव्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती आणि मी मनातून चिडलेली होते. तुला वाटेल, पोर कशी धावून गेली. मी धावले नाही, मला त्यात ओढलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" तो पटकन म्हणाला, "सिस्टर हायत." ती म्हणाली, "आमच्या स्टाफमधल्या?" मी म्हटलं, "नाही, सोबत आलेय. हिचं बीपी आधी बघा, कागद नंतर करा." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कुणाला तरी हाक मारली. बीपी फार चढलेलं होतं. लगेच आत घेतलं. मी बाहेरच्या खुर्चीवर बसले. आत काय चाललंय ते मला सगळं माहीत होतं, पण दाराच्या आत मला कुणी बोलावणार नव्हतं. तरुण डॉक्टर बाहेर आल्यावर म्हणाली, वेळेत आणलंत, झटके आले असते. त्या पोरीला दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. वजनाला कमी होती, काही दिवस काचेत ठेवली, आता घरी आहे. परवा तो पेढे देऊन गेला. नेमकी मी जेवायला बसले होते.

काल लेकीला फोन करून सांगितलं, फ्लॅट विकायचा नाही. ती म्हणाली, "का, आई?" मी म्हटलं, इथे लोकांना माझी गरज लागते. ती म्हणाली, "बरं. पाण्याचं तरी काहीतरी कर." माझ्यावर रागावली नाही. पटलंही नसेल तिला.

आणि पटू नये असंच ते होतं. लोकांना आता माझी गरज नाही, आये. जागोजागी हॉस्पिटलं आहेत, पोरी मोबाइलवर सगळं वाचतात, आणि मला ओळखणारे दर वर्षी थोडे कमी होतात. नव्या बिल्डिंगांतल्या माणसांना मी म्हणजे जिन्यात थांबून दम घेणारी एक म्हातारी. लेकीला सांगता आलं नाही ते तुला सांगते. हे कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, म्हणून सांगते. बाजारात कुणी थांबवलं की मला अजूनही कंटाळा येतो, पाय ओढतात, कधी सुटका होते असं होतं. पण एखाद्या दिवशी कुणीच थांबवलं नाही, तर भाजी घेऊन झाल्यावरही मी उगाच एक फेरी मारते. दुसऱ्यांदा भाव विचारते, पिशवी या हातातून त्या हातात घेते, आणि जरा हळू चालते.