शालूच्या पोटातली नळी

४ एप्रिल
नागपूर, दवाखाना. माह्या नातीच्या, शालूच्या, लिवरची गाठ काढली तवापासून कुशीतून नळी काढून लावलेल्या थैलीत हिरवं-पिवळं पाणी येऊनच राहिलं. डा. म्हणे, आजी, पित्ताच्या नळीले चीर गेली. मी म्हटलं, पित्त तं मलेही होते, कोमट पाणी पेलं का बसते. नर्स हासली. लगन पुढच्या महिन्यात. आता पुन्हा पोट फाडलं तं पोरगी मांडवात उभी कशी राहीन?

७ एप्रिल
फाडत नाही म्हणे! तोंडातून दुर्बीण घालून आतच बारकी नळी बसवतीन. दुर्बीण तं दूरचं पाहाले असते, पोट काय एवढं दूर आहे? पोरगा म्हणे, "माय, चूप बस वो."

८ एप्रिल
झालं! टाका नाही काही नाही. पण मले समजलंच नाही. गळते ती जागा शिवली नाही, खालची वाट मोकळी केली, वरचं आपोआप भरून येईन म्हणे. न शिवता? शालू उठली तं म्हणे, "आजे, भूक लागली." नाचलीच असती मी, पण हा गुडघा…

१५ एप्रिल
थैली कोरडी, काढली. आतली नळी लगन झाल्यावर काढाची. काम करून राहिली तं काढाची कायले? अन् मंग पुन्हा गळलं तं? डा. म्हणे, "बहुतेक नाही गळत." बहुतेक! ताप आला, डोळे पिवळे झाले, का लगेच आणजा म्हणे.

२ मे
शालूची होणारी सासू आली, गोंद्याची. गोंद्या पहिले आपल्याच जिल्ह्यात होतं, मंग येगळं झालं; मले अजून परकं वाटत नाही. सुनेनं खुणावलं, नळीचं बोलू नका. मी गोसीच्या धरणातल्या मासोळीचंच बोलत बसली. तं शालूच सासूले म्हणे, "मामी, माह्या पोटात नळी आहे." बाईनं बशी खाली ठेवली. मंग म्हणे, "आमच्या पोराच्या डोक्यात भुसा, तुह्या पोटात नळी. जमला जोडा!" मायबाई, किती हासलो!

१८ मे
हळद. पोरगी अशी सोन्यावानी दिसे! गालाले हात लावला तं गरम. ऊनच केवढं, गरम राहीनच. तरी सुनेले म्हटलं, ताप तं नाही? सून म्हणे, "आजच्या दिवशी असं नका बोलू." डोळे पाह्यले, पिवळे वाटले. पुन्हा पाह्यले तं पांढरे. पापण्याईतही हळद गेलेली. शालू म्हणे, "काय पाहून राहिली वो आजे?" म्हटलं, "तुलेच."
मी सांगतलं तं पोरगा डा. ले फोन लावून राहिला, उचलत नाही. मी गडवाभर पाणी घेऊन बसली आहे. शालूचा नाच थांबला का तोंड धुवून देईन, मंग नीट पाहीन.
पोरगी थांबूनच नाही राहिली.