पाटीवरचे पाच पूर्वज

परवा रविवारी पहिला आला तो ऋतिक, माझा नातू, बूट घालूनच. मागून सूनबाई मिनल, आणि शेवटी शेखर, माझा एकुलता एक, गाडी लावायला जागा नाही म्हणून रहाटणीला नावं ठेवत. पिंपळे सौदागरहून यायला त्यांना दहा मिनिटं लागतात. बसले सात. चाकणजवळच्या आमच्या गावी देवळाच्या सभामंडपात पडवळ घराण्याची संगमरवरी पाटी बसणार, तिच्यावर सात पिढ्यांची नावं येणार, एवढं सांगायला आले होते. ते गेल्यावर मला इतका आनंद झाला की म्हटलं, आता मृत्युपत्र करून टाकावं.

तर मी, मंजुळाबाई मुरारी पडवळ, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, पाचवीची पुस्तकं आणली त्याच महिन्यात लग्न लागलं. डोकं ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टर निरंजन देव यांनी दिला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी दोन उरेपर्यंत केलं, ऐकून तेच दमले. कोणाची जबरदस्ती नाही. हे स्वतःच्या हाताने, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली बसून लिहीत आहे, कारण तिथलं त्याला दिसत नाही.

कलम पहिले, हा कॅमेरा. तो ऋतिकने माझ्या भिंतीवर ठोकला, आजी पडलीबिडली तर कळावं म्हणून. त्यातून ते बोलतातही. मी फोडणी टाकावी तर भिंत म्हणते, "आई, गॅस बारीक करा." गेल्या श्रावणात मिनल असंच बोलली आणि आवाज बंद करायला विसरली. मी तांदूळ निवडत होते. भिंतीतून शेखर म्हणाला, "आईच्या डोक्यात ती पिढ्यांची नावं आहेत, तेवढी मोबाईलमध्ये उतरवून घ्या. मग तिला गावाला ठेवू, चुलतभाऊ बघतील." मिनल म्हणाली, "लवकर उरका, या वयाचा काय भरवसा." आणि ऋतिक हसला. तो हसला नसता तर मी सोडूनही दिलं असतं.

कॅमेरा मिनलला देत आहे. ऋतिकची बायको येईल तेव्हा तो मिनलच्या स्वयंपाकघरात लावावा आणि बोलायचं बटण नव्या सुनेच्या हाती द्यावं.

कलम दुसरे, नावं. आमच्या घरात नवी सून पहिल्या पितरपाटात सातही नावं तोंडपाठ म्हणते, मगच तिला पितरांचं पान वाढायला मिळतं. मला सासूने तीन दिवस उखळापाशी बसवून शिकवली, चुकले की पहिल्यापासून. मिनलची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "आई, लिहून द्या ना, मी फोटो काढून ठेवते." मी लिहून दिलं नाही, तिने पुन्हा विचारलं नाही. त्याला सव्वीस वर्षं झाली. सातांपैकी माझे सासरे चिमाजी आणि त्यांचे वडील कोंडाजी ही दोन नावं सातबाऱ्यावर सापडतात. वरची पाच फक्त माझ्या तोंडात.

भिंतीतलं ते बोलणं ऐकल्यानंतर चौथ्या दिवशी ऋतिक मोबाईल घेऊन आला. "आजी, बोल." बोलले की. हिराजी, राणोजी, सुभानजी, गुलाबराव, बाजीराव.

हे आमचे बैल. हिऱ्या, राण्या, सुभाण्या, गुलब्या आणि बाज्या. मी फक्त जी आणि राव लावलं.

ऋतिक म्हणाला, "आजी, यांच्यात कोणी खास?"

म्हटलं, "गुलाबराव एका डोळ्याने अधू होते, पण ताकदीला पंचक्रोशीत जोड नव्हता."

त्याने लिहून घेतलं, पहिलवान. आता मिनल सोसायटीत सांगते, आमच्या घराण्यात पहिलवानी रक्त आहे.

मग पितरपाटात गुरुजींनी मोबाईलवर बघून पाच बैलांना पिंड दिले. कावळा लगेच शिवला, खोटं कशाला बोलू. त्या बैलांनी या घरासाठी जेवढं ओढलं तेवढं शेखरने नाही ओढलं. सासऱ्यांची मात्र माफी मागते. त्यांच्या आज्याच्या जागी मी मारका बैल बसवला.

कलम तिसरे, खोल्या. या दोन्ही खोल्या मी पिंपरीच्या मंडईत बावीस वर्षं भाजी विकून घेतल्या, नवऱ्याचा त्यात खिळा नाही. पुढची खोली पुनम घुगे हिला. ही माझी भाडेकरू, बीडकडची, चाकणच्या कंपनीत शिफ्ट करते. मागची खोली शेखरला. मागच्या खोलीला वेगळं दार नाही, पुनमच्या खोलीतूनच जायचं. तिची रात्रपाळी असली की ती दिवसा झोपते आणि कडी लावते. शेखरने ठोठावू नये.

कलम चौथे. खरी पाच नावं पुनमला दिली आहेत. शिफ्टवरून आली की ती माझ्यासमोर लसूण सोलत बसायची, सहा दिवसांत पाठ झाली. जो कोणी मोबाईल उंबऱ्याबाहेर ठेवून, मांडी घालून, पाठ होईपर्यंत बसेल त्यालाच तिने ती सांगावीत. लिहून देऊ नयेत. कोणी बसलं नाही तर तिच्याबरोबर जाऊ द्यावीत.

पुनम म्हणते, "आजी, हे लई होतंय बघा. तुमचीच लेकरं हायती."

"लेकरं हायेत म्हणूनच गं. परक्यावर कोण एवढा जीव जाळतंय?"

मघाशी भिंत म्हणाली, "आई, दिसत नाहीस, काय करतेस?" शेखरचाच आवाज. म्हटलं, "जप लिहिते बाबा." म्हणाला, "लिही लिही, डोकं चालतं राहतं."

कलम पाचवे. पाटी बसल्यावर आणि मी गेल्यावर, माझ्या दहाव्याला, घाटावर सगळ्या भावकीसमोर हे पत्र चक्कीवाल्या शकूने वाचावं. चक्कीच्या घरघरीत बोलून तिचा आवाज लांब जातो. कलम दुसरे दोनदा वाचावं. मोबाईलमधलं चुकलं की पुसतात, तसं त्यांना दगडाचंही वाटतं.

पुनमच्या सांगण्यावरून एक सवलत ठेवते. पाटी कोरायच्या आधी या तिघांपैकी एकाने जरी मला विचारलं, "आई, नक्की हीच ना गं?" तर मी खरी नावं सांगीन आणि हा कागद चुलीत घालीन. ही माझ्या गळ्याची शपथ. पुनमने पैज लावली आहे की शेखर तरी विचारेल. ती अजून लहान आहे.

साक्षीदार :
१. डॉ. निरंजन देव, रहाटणी
२. शकुंतला गवारे, चक्कीवाल्या, रहाटणी
(पुनमला खोली मिळते म्हणून ती साक्षीला चालत नाही.)

सही : मंजुळाबाई मुरारी पडवळ
स्थळ : रहाटणी, मंगळवार, २० जानेवारी २०२६

कोरणाऱ्याचा कागद घेऊन ते पुन्हा येणार आहेत. विचारायचं काही नाही, आई, फक्त सही, असं शेखर जाताना म्हणाला. येत्या रविवारी, पंचवीस तारखेला, अकरा वाजता.