पान्याने दिलेला अर्धा आटा

ती. मावशीस नमस्कार (साष्टांगच समज, माझ्या खोलीत तेवढी आडवी जागा नाही).

मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता एका पांढऱ्या टिश्यू पेपरवर वाटाण्याएवढा निळा डाग पडला, आणि तेव्हापासून तुझा भाचा माणसात राहिलेला नाही. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? मी बरा आहे, म्हणजे जेवतो.

तुझ्या शब्दावर ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात मला ठेवून घेतलं (कॉलेज मी सरांशी भांडून सोडलं, पण आईला ते अजून 'आजारपण' म्हणूनच माहीत आहे, राहू दे तसंच), तिथे पाण्याने गार राहणारी मशीनं बनतात. आत पंप, नळ्या, आणि नळ्यांच्या टोकांना पितळी जोड. दुकानाच्या मालकांना आम्ही उस्ताद म्हणतो. त्यांचे नियम दोनच. जोड हातानेच आवळायचे. पाना लावला की आतलं रबरी वायसर कापलं जातं. आणि पाणी भरलं की आधी नुसता पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवायचा आणि अख्खा दिवस त्या टिश्यूंची तोंडं बघत बसायचं. तोवर बाकी मशीनला वीज नाही.

आता ती. ती शेवटच्या वर्षाला आहे, कार्टूनपट बनवते, आणि त्या कामाने तिचं जुनं मशीन तव्यासारखं तापायचं, म्हणून पाण्याचं नवं मशीन तिने आमच्याकडे करायला दिलं. "पाणी निळं घालू या? छान दिसेल ना?" असं तिने मला विचारलं. मावशी, मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं गं, सगळे सांगतच आलेत.

मशीन जोडायच्या दिवशी ती वर्गातल्या एका चष्मेवाल्याला घेऊन आली. तो माझ्या टेबलाला टेकून म्हणाला, "गळणार नाही ना हो हे?" त्या 'हो'ने माझं टाळकं सटकलं. पाना उचलला आणि त्याच्याकडे बघत बघत सगळ्या जोडांना अर्धा आटा जास्त दिला. टिश्यूचा दिवसही गाळला, कारण मशीन तिच्या डोळ्यांदेखत सुरू करून दाखवायचं होतं. झालं सुरू. तिने टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यानेही (हे अजून झोंबतं).

आठव्या दिवशी मशीन मेलेलं परत आलं. आत सगळं ओलं, तिचं अर्धं काम गेलेलं. मी झाकणही न उघडता म्हणालो, "नेताना आदळलं असणार." चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! आणि ती म्हणाली, "सॉरी, जिन्यात मी जरा जोरातच टेकवलं होतं." तिने माझी माफी मागितली, मावशी! कॉलेजातही, काम वेळेत का दिलं नाही या प्रश्नावर, 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं लिहून दिलं, आणि त्यांनी तिला सहा महिने मागे ठेवलं.

मंगळवारी उस्तादांनी स्वतः पाणी भरून टिश्यू मांडले. तिसऱ्या जोडाखाली डाग. उघडलं तर वायसरचे दोन तुकडे, आणि पितळेवर पान्याचे दात. उस्ताद ओरडले असते तर मी भांडलो असतो. तेवढं मला येतं. ते नुसतं म्हणाले, "पोरीला कोण सांगणार?"

तुझा,
भाचा

ता. क. : तिची आई तुझ्याच ऑफिसात आहे ना? वायसर कारखान्यातूनच खराब आलं होतं, एवढं तिच्या कानावर घालशील? पत्र त्यासाठीच. (गुडघ्यांची चौकशी मनापासून होती, पण तेवढ्यासाठी मी चार पानं लिहिली नसती.)

ता. क. २ : वरचं वाचून पाहिलं. काही सांगू नकोस. उस्तादांनी तिच्या कॉलेजला 'चूक मशीन जोडणाऱ्याची' असं पत्र लिहून दिलंय आणि नावाची जागा मोकळी सोडलीय. तिथे आत्ताच माझं नाव घातलं. ते घेऊन तिच्याकडे जातोय. चष्मेवालाही तिथेच आहे म्हणे. असू दे, ऐकू दे त्यालाही. हे उभ्यानेच लिहितोय. निघालो, दार लावतो.