पायाळू मूल आणि माझा तक्ता, आवृत्ती नऊ

६ मार्च, संध्याकाळी ७.१५
सोनोग्राफी झाली. मूल पोटात उलटं आहे, म्हणजे डोकं वर आणि बूड खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ब्रीच. घरी सासूबाई म्हणाल्या, अगंबाई, पायाळू! नवरा म्हणाला, म्हणजे काय? माहितीचा उतरता क्रम.

पर्याय तीन. सदतिसावा आठवडा लागला की पोटावरून दाबून मूल फिरवून बघायचं. किंवा आहे तसंच जन्माला येऊ द्यायचं. किंवा ठरवून सिझर. फिरवायचं असेल तर सतरा तारखेची अपॉइंटमेंट धरून ठेवली आहे.

या घरात आजवरची बाळंतपणं ऐकीव गोष्टींवर पार पडली. माझं पुराव्यावर होईल. मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. वजनकाटे खरं बोलतात की खोटं, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. अकरा दिवस म्हणजे चैन आहे.

८ मार्च, संध्याकाळी ६.४०
जो उठतो तो सल्ला देतो. म्हणून सकाळी फ्रिजवर कागद लावला. रकाने तीन: सल्ला, कोणाचा, स्रोत. स्रोत नसेल तर सल्ला ग्राह्य नाही.

आत्ता पाहिलं तर सासूबाईंनी पेन्सिलने भरला होता. सल्ला: फार डोकं चालवू नको. कोणाचा: माझा. स्रोत: तुझा नवरा, तोही पायाळूच होता.

नमुना एक. नमुन्याचा दर्जा वादग्रस्त.

९ मार्च, संध्याकाळी ७.००
नेटवरून एक्केचाळीस शोधनिबंध उतरवले. नवऱ्याला एक वाचायला दिला. तो चित्रकलेचा मास्तर, त्याने आधी आलेख बघितले. चार मिनिटांत म्हणाला, सोपं आहे की गं, आधी फिरवून बघू, नाही जमलं तर सिझर. चार मिनिटं! लग्नाला हो म्हणायलाही त्याला एवढीच लागली होती. तेव्हा मला ते कौतुकाचं वाटलं, ही माझ्याकडून झालेली निरीक्षणातली चूक.

११ मार्च, दुपारी १२.३०
डॉक्टरीणबाईंकडे फाइल घेऊन गेले. त्या विरोध करतील हे गृहीत धरून नऊ उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी विरोधच केला नाही. म्हणाल्या, छान वाचलंय तुम्ही. फिरवणं साधारण निम्म्या वेळा जमतं, नाही जमलं तरी बाकीचे दोन रस्ते उघडे राहतात. तुम्हाला काय हवंय?

मी म्हटलं, हवं-नको हा निकष नाही.

बरं, मग भीती कशाची वाटते, म्हणाल्या.

एवढी शिकलेली बाई, आणि हा प्रश्न. नऊ उत्तरं न वापरता परत आणली.

१३ मार्च, सकाळी ८.२०
तक्ता तयार. पर्याय तीन, निकष चौदा, प्रत्येक निकषाला दहापैकी वजन. शेवटी बेरीज. मधे माणूस येतच नाही, हे याचं सौंदर्य.

निकाल: फिरवणे.

वजनं नीट तपासली नव्हती हे लक्षात आलं. 'परक्या हातांचा दाब' हा निकष राहिला होता, तो घातला, वजन नऊ. आवृत्ती दोनचा निकाल: सिझर. मग 'पोटावर सुरी' राहिलं होतं. आवृत्ती तीनचा निकाल: आहे तसंच. आवृत्ती चार हाती घेतली.

लॅबमध्ये कोणी असं केलं असतं तर मी लेखी खुलासा मागितला असता. पण त्याला निकाल बदलायचा असता. मला फक्त अचूकता हवी आहे.

१५ मार्च, संध्याकाळी ७.४५
दोष तक्त्यात नाही, कच्च्या मालात आहे. शोधनिबंध गाळायला घेतले. जुने बाद. लहान नमुन्यांचे बाद. फार मोठ्या नमुन्यांचेही बाद, त्यात माणूस हरवतो. संध्याकाळपर्यंत एकच उरला. त्यातल्या बायका माझ्यासारख्या वाटल्या नाहीत. बाद.

शिल्लक शून्य. आता पाया पूर्णपणे निर्दोष आहे.

१६ मार्च, दुपारी ४.१०
दवाखान्यात फोन केला. उद्याची अपॉइंटमेंट एकवीसवर ढकलली. रिसेप्शनवरची म्हणाली, ताई, मधेच पाणी गेलं तर मग फिरवता येत नाही हं. मी म्हटलं, ठाऊक आहे, माझ्या फाइलमध्ये पान तीनवर आहे. ती म्हणाली, मग या की उद्या! उद्धट.

नवऱ्याने विचारलं, तू घाबरलीयेस का? म्हटलं, मी अचूक आहे. म्हणाला, दोन्ही असू शकतं ना.

सासूबाईंनी दवाखान्याची बॅग भरायला घेतली. अजून तीन आठवडे आहेत, हे मी तारखेनिशी सांगितलं. आत्ताच भरायला आधार काय, म्हणूनही विचारलं. त्या म्हणाल्या, तुझं तोंड. आरशात बघ जरा.

२० मार्च, दुपारी ३.०५
लॅबमध्ये. आवृत्ती नऊ पूर्ण. तिन्ही पर्यायांना समान गुण, दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत. आजवरचं माझं सर्वांत संतुलित काम. उद्या दहाला डॉक्टरीणबाईंसमोर ठेवते. बघू काय बोलतात.

३.२०
खुर्ची ओली आहे. पाण्याची बाटली टेबलावर उभी आहे, झाकण घट्ट.

३.२२
निरीक्षण पुन्हा घेतलं. तोच निकाल.

२१ मार्च
वेळ माहीत नाही. वॉर्डात घड्याळ आहे, पण माझ्या मागच्या भिंतीवर, आणि पाठीतून भूल दिल्यामुळे मान वळवायची नाही.

काल डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, फिरवणं आता नाही. कळा सुरू झाल्यात, एक पाय खाली आलाय. मी सिझर सुचवेन, पण निर्णय तुमचा, विचारा काय विचारायचं ते. फाइल नवऱ्याच्या काखेत होती. तो ती पुढे करत होता आणि मी त्याचा हात बाजूला सारत होते. म्हटलं, करा. लवकर करा.

आत भूल देणारे डॉक्टर डोक्याशी बसले होते, वयस्कर, टोपीखाली पांढरे कल्ले. म्हणाले, काही शंका असेल तर विचार बाळ. मला कोणी बाळ म्हटलेलं चालत नाही.

विचारलं, तुम्ही इथून उठून जाणार नाही ना?

म्हणाले, कुठे जाणार? इथेच आहे.

मी त्यांची बाही धरली. मुलगी रडली तरी सोडली नव्हती. शेवटी नर्सने एकेक बोट करून सोडवली.