सुभेदार आत येतो

सांगली, ४ फेब्रुवारी २०२५

ति. विनोदिनीताईस, भार्गवीचा सा. न. वि. वि.

डावा हात पाण्याच्या पातेल्यात आहे, उजव्याने लिहिते. चित्रीकरणात भाकरी उलटताना भाजला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

‘मॅडमचे सुभेदार’ ही मालिका बंद होते आहे, तीन महिन्यांतच. सिनेमानटी आणि तिचा फौजी नवरा यांच्या संसाराला लोक हसतात, पण पुरेसे लोक हसत नाहीत. शेवटच्या भागात सुभेदाराला सीमेवर मारायचे आणि मॅडमने, म्हणजे मी, कुंकू पुसायचे असे चॅनेलने ठरवले आहे. मुकाट्याने केले तर पुढच्या मालिकेत मला घेणार. मी अजून काही बोललेले नाही.

दाजींचा लडाखहून फोन येतो का?

राग आला तरी लोभ सोडू नकोस.
तुझी भार्गवी

खंडाळा, ८ फेब्रुवारी

चि. भार्गवीस, आशीर्वाद.

हाताला कोरफड लाव. यांचा फोन रविवारी लागतो. सासूबाई मात्र आधी तुझ्या सुभेदाराची चौकशी करतात, मग मुलाची.

आमच्या ओट्यावर तुझी मालिका बघणाऱ्या सगळ्या फौजींच्या बायका. सासूबाईंना पत्र वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, की रडायला हितं लय जणी हायत, त्याला टीव्ही कशाला पायजे? त्या पोरीला म्हणावं, त्याला घरी आण.

आणि मालिकेत सुभेदार रजेवर आला की तू फाटकातच गळ्यात पडतेस, ते बंद कर. इथे भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय गडी उंबरा ओलांडत नाही. ते काम आईचे. बायको आतून बघते.

नवे काम गेले तर इकडे ये. म्हशी दोन आहेत, एक तुझी.

तुझी कान उपटणारी
ताई

सांगली, १३ फेब्रुवारी

ति. ताईस, सा. न. वि. वि.

कुंकू पुसणार नाही असे चॅनेलच्या जयराजना सांगितले. ते म्हणाले, पुसणारा हात दुसरीचा दाखवू. मी विचारले, रडणारे तोंड कुणाचे दाखवणार? दिग्दर्शक सुमंत इतके दिवस गप्प होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि नवा प्रसंग लिहायला बसले.

प्रसंग असा: सासू तासगावला लग्नाला गेलेली. सुभेदार ट्रंक घेऊन दारात. मॅडमला भाकरतुकडा ओवाळता येत नाही, आणि तो झाल्याशिवाय सुभेदार आत येत नाही. चित्रीकरणात टाकलेला तुकडा कुत्र्याने हुंगला आणि ते निघून गेले. हे लिहिलेले नव्हते. तसेच ठेवले.

पुढची मालिका दुसरीला मिळाली. बावीसला शनिवारी बघ.

म्हैस राखून ठेव, मायाही.
भार्गवी

खंडाळा, २३ फेब्रुवारी

चि. भार्गवीस, अनेक आशीर्वाद.

काल ओटा पुरला नाही. निवृत्त हवालदार हंबीरराव बायकांत बसत नाहीत, ते भिंतीआडून बघत होते. तू तुकडा उलटा फिरवलास तेव्हा अगं उजवीकडनं, उजवीकडनं, असे पहिले तेच ओरडले. कुत्रे निघून गेले तेव्हा सासूबाईंनी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला.

सुभेदार उंबरा ओलांडून आत आला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जाहिराती संपेपर्यंत.

आज यांचा फोन आला. मालिका संपली म्हटल्यावर यांनी एवढेच विचारले, की तो आत आला ना? मी म्हटले, आला.

तुझ्यावरचा लोभ आता माझ्या एकटीचा राहिला नाही.
ताई

ता. क. आज सकाळी ओट्याखाली चपलांचे बरेच जोड सापडले. त्या आनंदात बायका अनवाणीच घरी गेल्या होत्या.